फणसाचा पिवळा रंग आणि शरीरांतील दाह

वसईच्या उत्तरेस नालासोपारें आहे. प्राचीन ग्रंथांतील शूर्पारक तें हेंच. इ. स. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप उकरला, आणि त्याच सालीं सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांच्या हातीं लागला. पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवांत नवव्या लेखाचा तुकडा सांपडला. यावरून अशोकाचे चौदाही लेख या बंदरांत कोरलेले असले पाहिजेत, असें अनुमान विद्वानांनीं केलें आहे. त्या चौदांपैकीं दुसरा लेख गिरनार वगैरे ठिकाणीं आजही वाचतां येतो. माणसांस आणि पशूंस उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती जेथें नव्हत्या तेथें त्या आणवून लावविल्या, मुळें व फळें यांचीही तीच व्यवस्था केली, असें राजा त्यांत सांगतो. बावीसशें वर्षांपूर्वीं या किनाऱ्यावर हा लेख कोणी वाचून दाखविला असेल, तर ऐकणारांस त्यांत फारसें नवल वाटलें नसेल. झाडपाल्यानें सूज उतरते, ठणका थांबतो, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. तें कसें घडतें हें मात्र ठाऊक नव्हतें. आणि त्या प्रश्नाचें उत्तर, तेंही अर्धेंमुर्धें, हातीं येण्यास पुढें दोन हजार वर्षें जावीं लागलीं.

त्या उत्तराचा इतिहास समजून घेण्यासाठीं एखादें झाड हाताशीं धरणें सोयीचें होईल, आणि वसईच्या वाडींत तें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. विहिरीच्या कडेला नारळ, पलीकडे पानवेल, पुढें केळीचे वाफे, आणि कुंपणाच्या कोपऱ्यांत फणस, अशी येथील जुन्या वाडीची ठेवण. फणसाचें लांकूड चिरलें म्हणजे आंतला गाभा पिवळाधमक निघतो. हा पिवळेपणा ज्या द्रव्यांनीं येतो त्यांच्या कुळास शास्त्रांत फ्लॅव्होनॉइड असें नांव आहे. याच कुळांतील द्रव्यें कांद्यांत, चहांत, शेवग्याच्या पाल्यांत आणि जांभळांत असतात. शरीरांत दाह उत्पन्न करणारीं जीं विकरें, म्हणजे ज्यांस एन्झाइम म्हणतात तीं, त्यांचें काम हीं द्रव्यें मंदावतात, असें प्रयोगशाळांतून दिसून आलें आहे. परंतु तो परिणाम किती, आणि तो जेवणाऱ्या माणसाच्या शरीरांत होतो कीं केवळ कांचेच्या नळींत, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या अपुऱ्या उत्तरावर आज बाजारांत कितीतरी गोळ्या आणि चूर्णें विकलीं जात आहेत, म्हणून त्याचा इतिहास सामान्य माणसानेंही जाणून घेण्यासारखा आहे.

वसई पोर्तुगीजांकडे गेली ती १५३४ च्या डिसेंबरांत, गुजराथच्या बहादूरशहाशीं झालेल्या तहानें. त्याच वर्षीं गार्सिया द ओर्ता नांवाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यास येऊन उतरला. मुंबई बेट त्या काळीं वसईच्या अंमलाखालीं असे, आणि पुढें तें भाडेपट्ट्यानें या ओर्ताच्या ताब्यांत होतें. त्यानें हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांविषयीं संवादरूपानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. फणस, आंबा, जांभूळ, विड्याचें पान, हळद, निर्गुडी अशा अनेक वनस्पतींचें वर्णन त्यांत आहे. जुन्या ग्रीक व अरब ग्रंथांत काय लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां त्यानें येथील वैद्यांस, व्यापाऱ्यांस आणि बागाइतदारांस विचारलें, आणि आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. वनस्पतींचे गुण लिहावे, पण ते पाहून आणि पारखून लिहावे, हा त्याचा धडा. ओर्ता १५६८ सालीं वारला. त्यानें गुप्तपणें यहुदी धर्म पाळला असें ठरवून धर्मन्यायासनानें १५८० सालीं त्याचीं हाडें थडग्यांतून काढून जाळलीं. ग्रंथ मात्र युरोपांत लॅटिन भाषेंत जाऊन टिकला. ओर्तानें गुण लिहिले. त्या गुणांमागील कारण लिहिण्यास लागणारें रसायनशास्त्र त्या काळीं जन्मासच आलें नव्हतें.

तें रसायनशास्त्र प्रथम वैद्याच्या दारानें आलें नाहीं, रंगाऱ्याच्या दारानें आलें. फणसाच्या लांकडाच्या ढलप्या उकळून निघणाऱ्या पिवळ्या रंगांत बौद्ध भिक्षूंचीं चीवरें रंगविण्याची रीत ब्रह्मदेशांत व सिलोनांत जुनी आहे. १८५६ सालीं विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज तरुणानें डांबरापासून जांभळा रंग बनविला, आणि झाडांपासून रंग काढणाऱ्यांचा धंदा तेव्हांपासून उतरणीस लागला. दैवयोग असा कीं, याच पर्किनचा मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन यानें आपलें आयुष्य झाडांतील रंग ओळखण्यांत घालविलें. फणसाच्या लांकडांत मोरिन नांवाचें पिवळें द्रव्य आहे, हें त्यानें आणि त्याच्या एका सहकाऱ्यानें १८९५ सालीं दाखवून दिलें. आपल्याकडे होळी-रंगपंचमीस ज्या पळसाच्या फुलांचा रंग करीत, त्या फुलांतील रंगद्रव्यही त्यानें १९०४ सालीं निराळें काढलें. त्याच सुमारास बर्न शहरांत कोस्टानेकी हा पोलिश रसायनज्ञ अशा पिवळ्या द्रव्यांची अंतर्रचना जुळवीत होता. लॅटिन भाषेंत 'फ्लाव्हुस' म्हणजे पिवळा. त्यावरून या कुळाचें नांव पडलें.

या कुळाची ओळख पटविणारी खूण सोपी आहे. सहा सहा कर्ब-अणूंच्या दोन कड्या, आणि त्यांस जोडणारा तीन कर्ब-अणूंचा पूल, असा पंधरा अणूंचा सांगाडा प्रत्येकांत असतो. त्या सांगाड्यावर ऑक्सिजन कोठें व किती बसला आहे, साखरेचा रेणू चिकटला आहे कीं नाहीं, यावरून भावंडें निराळीं होतात. आजवर अशीं सहा हजारांहून अधिक द्रव्यें मोजलीं गेलीं आहेत. नांव पिवळें असलें तरी तीं सर्वच पिवळीं नाहींत. हिरव्या चहांतील कॅटेचिन जवळजवळ रंगहीन असतात, आणि जांभूळ, करवंद, कोकम यांचा जांभळा-तांबडा रंग अँथोसायनिन या याच कुळांतील शाखेचा आहे. उलट, सगळा पिवळा-तांबडा रंग याच कुळाचा असेंही नाहीं. पपईचा रंग निराळ्या कुळाचा; लाल माठाचा निराळ्या; आणि हळदीचें कर्क्युमिन हेंही फ्लॅव्होनॉइड नव्हे, फार तर दूरचें नातेवाईक.

या कुळाच्या इतिहासांत महाराष्ट्राचा एक ठळक अध्याय आहे, आणि तो पुरेसा प्रसिद्ध नाहीं. मद्रासेंत १९०१ सालीं जन्मलेले कृष्णस्वामी वेंकटरामन हे मँचेस्टर येथें रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखालीं शिकून आले आणि लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजांत शिकवूं लागले. तेथें १९३३ सालीं त्यांनीं महाल या आपल्या सहकाऱ्याबरोबर फ्लॅव्होन बनविण्याची एक नवी रीत शोधून काढली. त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्सन बेकर यांसही ती स्वतंत्रपणें सांपडली. म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आज बेकर-वेंकटरामन यांच्या जोडनांवानें शिकविली जाते. पुढें वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागांत आले, आणि १९३८ पासून १९५७ पर्यंत त्याचे प्रमुख होते. १९५७ सालीं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा मुख्य विषय कापडाचे रंग हा होता. परंतु पुण्यास त्यांनीं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं फणसाच्या गाभ्यांतील आर्टोकार्पिन व त्याचीं भावंडें हीं निवडून काढण्याचें आणि त्यांची रचना उलगडण्याचें मोठें काम केलें. कोंकणांतील घरोघरच्या झाडांत काय दडलें आहे, याची नोंद अशा रीतीनें पुण्याच्या टेकडीखालीं झाली. त्या वेळीं त्या कामाकडे रंगाचें शास्त्र म्हणूनच पाहिलें जाई.

रंग ही जर औषध असेल तर, ही कल्पना मात्र त्यापूर्वींच युरोपांत निघाली होती, आणि ती प्रथम फसली. हंगेरींतील सेगेड गांवीं आल्बर्ट सेंट-ज्यॉर्ज्यी हे क जीवनसत्त्वावर काम करीत असतां, कांहीं रोग्यांच्या त्वचेखालीं होणारा रक्तस्राव शुद्ध क जीवनसत्त्वानें थांबत नाहीं, पण लिंबाच्या किंवा मिरचीच्या अर्कानें थांबतो, असें त्यांस आढळलें. अर्कांत दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे, असा तर्क करून १९३६ सालीं त्यांनीं आणि रुझ्न्याक यांनीं तें द्रव्य फ्लॅव्होनॉइड असल्याचें जाहीर केलें, व त्यास 'पी' जीवनसत्त्व असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं सेंट-ज्यॉर्ज्यी यांस नोबेल पारितोषिक मिळालें. नव्या जीवनसत्त्वाची वार्ता जगभर गेली. परंतु इतर शास्त्रज्ञांस तोच अनुभव खात्रीनें येईना. जीवनसत्त्व म्हणावयाचें तर त्याच्या अभावीं निश्चित रोग झाला पाहिजे. तसा रोग दाखवितां येईना. अखेर १९५० सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांच्या नामकरण-समितीनें हें नांव सोडून द्यावें अशी शिफारस केली. मोठ्या माणसानें सांगितलें म्हणून गोष्ट खरी होत नाहीं, ती पुन्हा पुन्हा पडताळून पाहावी लागते, हा शास्त्राचा नियम येथें पाळला गेला, हें विसरतां कामा नये.

यानंतर वीस वर्षांनीं या द्रव्यांस दुसरा मार्ग सांपडला, तो दाहाच्या अभ्यासांतून. सुश्रुतानें व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. रोमन लेखक सेल्सस यानें पहिल्या शतकांत लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशीं चार लक्षणें नोंदलीं. लक्षणें दोघांसही दिसलीं. त्यांमागचें यंत्र विसाव्या शतकांत दिसलें. तें समजण्यास वसईच्या वाडींतील पाण्याचा पाट डोळ्यांपुढें आणावा. विहिरींतून पाणी उपसलें जातें, पाटानें वाहतें, आणि दारें धरणारा माणूस एक वाफा भरला कीं मातीचा बांध मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यांत सोडतो. शरीरांत इजा झाली किंवा जंतू शिरले म्हणजे फॉस्फोलिपेज हें विकर पेशीच्या वेष्टणांतून ॲराकिडोनिक आम्ल मोकळें करितें. हा झाला विहिरीचा उपसा. पुढें पाट फुटतो. एका बाजूचें दारें सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या हातीं. तिकडे गेलेल्या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें बनतात आणि तीं ठणका, लाली व ताप उत्पन्न करितात. दुसऱ्या बाजूचें दारें लिपॉक्सिजनेजच्या हातीं. तिकडे ल्यूकोट्राइन बनतात, जीं पांढऱ्या पेशींस त्या जागीं बोलावतात आणि दम्यांत श्वासनलिका आवळतात.

१९७१ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनीं दाखवून दिलें कीं, ॲस्पिरिन जें काम करितें तें पहिल्या बाजूचें दारें बंद करून. त्याबद्दल त्यांस १९८२ सालीं, बर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९९१ च्या सुमारास असें कळलें कीं, सायक्लोऑक्सिजनेज एक नसून दोन आहेत. पहिलें नेहमींच्या चाकरीवर असतें. जठराच्या अस्तराचें रक्षण, रक्त गोठणें अशीं कामें तें पाहतें. दुसरें बहुधा दाहाच्या वेळींच हजर होतें. म्हणूनच ॲस्पिरिन वेदना थांबवितें, पण कित्येकांच्या पोटांत जखम करितें. दोन्ही चाकरांस तें एकाच वेळीं बांधून टाकतें.

हा पाट एकदां ओळखीचा झाल्यावर फ्लॅव्होनॉइड त्यांत टाकून पाहण्याचा मोह शास्त्रज्ञांस होणें साहजिक होतें. १९८० च्या सुमारास असे प्रयोग निघाले, आणि कांद्यांतील क्वर्सेटिन व त्याचीं भावंडें लिपॉक्सिजनेजचें काम मंदावतात असें आढळलें. कारणही हळूहळू उलगडलें. या विकराच्या गाभ्यांत लोखंडाचा एक अणू असतो. ज्या फ्लॅव्होनॉइडाच्या कडीवर शेजारीं शेजारीं दोन हायड्रॉक्सिल गट असतात, तें त्या लोखंडास धरूं शकतें. मधला पूल सपाट व ताठ असेल तर रेणू विकराच्या खांचेंत अधिक नीट बसतो. दुसरी रीत याहून खोल आहे. दाह सुरू झाला म्हणजे पेशीच्या केंद्रकांतून नवीं विकरें तयार करण्याचा हुकूम सुटतो. दुसरें सायक्लोऑक्सिजनेज आणि नायट्रिक ऑक्साइड बनविणारें एक विकर या हुकुमानें उभीं राहतात. ल्यूटिओलिन, अपिजेनिन, क्वर्सेटिन हीं द्रव्यें तो हुकूमच कमी करितात, असें पेशींवरील प्रयोगांत दिसतें. पाटाच्या भाषेंत सांगावयाचें तर तीं कांहीं दारें अर्धीं मिटतात, आणि कांहीं ठिकाणीं दारें धरणाऱ्यास कामावरच येऊं देत नाहींत.

फणस येथें पुन्हा भेटतो. २००८ सालीं तैवानमधील संशोधकांनीं फणसाच्या फळांतून तीन द्रव्यें निवडून घेतलीं: आर्टोकार्पेसिन, नॉरआर्टोकार्पेटिन आणि ऑक्सिरेस्व्हेरॅट्रॉल. त्यांतील पहिलीं दोन फ्लॅव्होनॉइड आहेत. जंतूंच्या विषानें चेतविलेल्या भक्षक पेशींवर तीं घातलीं असतां नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन यांचें उत्पादन घटलें, आणि तें उत्पन्न करणारीं दोन्ही विकरें कमी तयार झालीं. आर्टोकार्पेसिन सर्वांत प्रभावी ठरलें. भिक्षूंच्या चीवरांपासून निघालेली वाट पर्किनच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांवरून येथवर आली. मात्र हा प्रयोग पेशींवरचा होता. फणसाचे दहा गरे खाऊन कोणाचा संधिवात बरा झाला, असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं.

माणसांविषयीं जें पहिलें मोठें निरीक्षण झालें तें हॉलंडांतील झुत्फेन गांवीं. पासष्ट ते चौऱ्यांयशीं वर्षांच्या ८०५ पुरुषांचा आहार नोंदून पांच वर्षें त्यांच्यावर लक्ष ठेवलें गेलें, आणि १९९३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या मंडळींच्या पोटांत दररोज सरासरी सुमारें २६ मिलिग्रॅम फ्लॅव्होनॉइड जात. त्यांपैकीं ६१ टक्के चहांतून, १३ टक्के कांद्यांतून आणि १० टक्के सफरचंदांतून येत. ज्यांच्या आहारांत हीं द्रव्यें अधिक होतीं त्यांच्यांत हृदयविकारानें मरणारांचें प्रमाण, कमी खाणारांच्या मानानें, निम्म्याहूनही कमी निघालें. हें वाचून अनेकांस आनंद झाला. परंतु कांदा व फळें अधिक खाणारा माणूस इतर बाबतींतही निराळा असूं शकतो. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. कोंबडा आरवतो तेव्हां उजाडतें, पण कोंबड्यानें उजाडत नाहीं, हें मराठी माणसास सांगावयास नको.

१९९५ सालीं त्याच देशांतील संशोधकांनीं आणखी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला: खाल्लेल्यांपैकीं रक्तांत जातें किती? आंतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या नऊ जणांस त्यांनीं निरनिराळ्या रूपांत क्वर्सेटिन दिलें. कांद्यांतील क्वर्सेटिन सुमारें ५२ टक्के शोषलें गेलें; शुद्ध काढलेलें क्वर्सेटिन केवळ २४ टक्के, आणि रुटिन या रूपांतील १७ टक्के. कांद्यांत त्या द्रव्यास साखरेचा रेणू जोडलेला असतो, आणि ती जोडणीच येथें उपयोगीं पडते. जें शोषलें जातें तेंही जसेंच्या तसें रक्तांत फिरत नाहीं. आंतड्याचें अस्तर व यकृत त्यास दुसरे रेणू चिकटवून त्याचें रूप पालटतात. उरलेलें मोठ्या आंतड्यांतील जंतू फोडून लहान आम्लें बनवितात. परिणामीं परीक्षानळींत विकर थांबविण्यास जेवढें क्वर्सेटिन घालावें लागतें, त्याच्या मानानें जेवणानंतर रक्तांत आढळणारें प्रमाण पुष्कळदां दहापट किंवा त्याहूनही कमी भरतें. नळींतील विजय आणि शरीरांतील विजय यांत एवढें अंतर आहे.

मग या सर्व शोधांतून हातीं काय उरलें? दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. संत्र्या-लिंबांच्या सालींतील हेस्पेरिडिन, जें सेंट-ज्यॉर्ज्यी यांच्या अर्कांत होतें, तें डायोस्मिन या भावंडासह आज शिरांच्या विकारांवर आणि मूळव्याधीवर वैद्यकांत वापरलें जातें. जीवनसत्त्व म्हणून फसलेलें द्रव्य मर्यादित औषध म्हणून टिकलें. दुसरें उदाहरण अमेरिकेंतील मोठ्या चाचणीचें. २१,४४२ वयस्क स्त्रीपुरुषांपैकीं निम्म्यांस कोकोंतून काढलेले ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल रोज देण्यांत आले. सरासरीनें साडेतीन वर्षांहून अधिक काळ हें चाललें, आणि २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या घटनांचें एकूण प्रमाण खात्रीनें कमी झालें असें म्हणतां आलें नाहीं. हृदयविकारादि कारणांनीं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनीं कमी दिसले; पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नसल्यानें त्यावर अंतिम मत बांधणें घाईचें होईल. तात्पर्य, आशेस जागा आहे, बढाईस नाहीं. संधिवाताच्या किंवा दम्याच्या रोग्यानें डॉक्टरचें औषध बंद करून चूर्णाच्या डबीवर विसंबावें, असें या शंभर वर्षांच्या इतिहासांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. आणि तशा भरंवशावर दमेकऱ्यानें औषध टाकलें तर त्याचा प्राण धोक्यांत येतो.

याउलट साध्या जेवणाची बाजू मात्र या इतिहासानें बळकट केली. हीं द्रव्यें एकेकटीं काढून मोठ्या मात्रेनें देण्यापेक्षां, तीं अन्नांत जशीं असतात तशीं, थोडथोडीं, अनेक प्रकारांनीं आणि आयुष्यभर पोटांत जाणें, हेंच सर्व निरीक्षणांच्या अधिक जवळ जातें. तांबड्या कांद्याच्या शंभर ग्रॅममध्यें वीस ते चाळीस मिलिग्रॅम क्वर्सेटिन असतें. तें बाहेरच्या पाकळ्यांत अधिक, आणि पांढऱ्या कांद्यांत जवळजवळ नसतें. शेवग्याच्या पाल्यांत क्वर्सेटिन व केंफेरॉल, शेपूंत क्वर्सेटिन, अळूच्या पानांत अपिजेनिन व ल्यूटिओलिन यांचीं रूपें, जांभूळ व कोकमांत अँथोसायनिन, चहांत कॅटेचिन. ही यादी औषधाच्या दुकानांतील नव्हे. ती कोंकणच्या स्वयंपाकघरांतील आहे. वसईच्या बायका अळूचें फदफदें आणि शेवग्याची भाजी करीत आल्या त्या विकरांचा विचार करून नव्हे. परंतु परसांत जें उगवतें तें ऋतूप्रमाणें आलटून पालटून खावें ही त्यांची रीत, विकरांच्या शास्त्रानें तपासली असतां, निदान चुकीची ठरली नाहीं.

अशा रूढ ज्ञानाची लेखी नोंद किती मोलाची असते, हें हळदीनें शिकविलें. जखम भरण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हां भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून पुढें ठेवले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. घराघरांत ठाऊक असणें पुरेसें झालें नाहीं. छापील अक्षर दाखवावें लागलें. ओर्तानें जें १५६३ सालीं केलें, त्याचें महत्त्व अशा वेळीं कळतें.

आणि येथें गोष्ट पुन्हा वसईच्या वाडीपाशीं येते. विरारहून मुंबईस पहिली उपनगरी आगगाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं निघाली. पुढें याच मार्गानें वसईची भाजी, केळीं, पानें आणि फुलें मुंबईच्या बाजारांत जात राहिलीं. पुढें मुंबईच वसईकडे आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जमिनी इमारतींसाठीं खुल्या होऊं लागल्या आणि विहिरींचें पाणी टँकरनें वसाहतींकडे जाऊं लागलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें त्याविरुद्ध लोकांस जागें केलें. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती १२ लाख २२ हजारांवर मोजली गेली. एवढ्या माणसांस घरें हवींत, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु ज्या विहिरींतून वाडीचा पाट वाहत होता ती बुजली किंवा खारावली म्हणजे अळू, शेवगा आणि फणस तेथून उठतात. आणि त्याच जागीं उभ्या राहिलेल्या दुकानांत त्यांचाच अर्क गोळीच्या रूपानें शतपट किमतीस विकावयास येतो. गोळींतील द्रव्याविषयीं शास्त्र अजून साशंक आहे. वाडींतील भाजीविषयीं तें तितकें साशंक नाहीं.

अशोकाच्या लेखांतील राजाज्ञा वनस्पती जेथें नसतील तेथें नेऊन लावण्याची होती. ज्या किनाऱ्यावर तो लेख कोरला गेला, तेथें आज त्या आहेत तेवढ्या राखल्या तरी पुष्कळ झालें. कोपऱ्यांतला फणस तोडण्यापूर्वीं त्याच्या पिवळ्या गाभ्याची ही हकीकत घरांतील मुलांनीं एकदां ऐकलेली असावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाहीं.